आमच्या गावात आम्हीच सरकार: आदिवासी स्वशासन कसे उभे राहते

आदिवासी स्वशासन म्हणजे एका वस्तीतल्या माणसांनी एकत्र बसून आपले जंगल, जमीन, पाणी, पैसा आणि आपसातले तंटे यांविषयी निर्णय घेणे आणि घेतलेला निर्णय स्वतः पाळणे. भारतात हा अधिकार कायद्याने मान्य आहे. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि वनहक्क कायदा तर साऱ्या राज्यात लागू आहे. तरीही असंख्य पाड्यांवर ग्रामसभा म्हणजे वही घरोघर फिरवून सह्या आणि अंगठे गोळा करण्याचे काम होऊन बसते. कायदा एकच असताना एका गावात ग्रामसभा जिवंत होते आणि शेजारच्या गावात ती कागदावरच राहते, याचे कारण त्या गावांच्या घडणीत शोधावे लागते. महाराष्ट्रात तसा शोध घेताना पहिले नाव येते ते मेंढ्याचे.

मेंढा (लेखा) हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातले, जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ३० किलोमीटरवरचे गाव. घरे शंभराच्या आसपास, वस्ती गोंडांची. लेखा हे शेजारचे गाव. गट ग्रामपंचायत त्याच्या नावाची असल्याने मेंढ्याच्या नावामागे ते कंसात लागले. गावाभोवती सुमारे १,८०० हेक्टर जंगल आहे. त्यात बांबू, मोह, तेंदू, हिरडा, आवळा, चारोळी सारे काही आहे. भाताची शेती पावसावर, त्यामुळे वर्षातले कित्येक महिने घर जंगलावरच चालते. पण ज्या जंगलावर घर चालते त्यावर हुकूम दुसऱ्याचा, ही स्थिती इंग्रजांच्या वनकायद्यापासूनची. या भागातला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्यांना करारावर दिला जात होता. त्याच जंगलातून कुडासाठी चार काठ्या आणायच्या झाल्या तर गावकऱ्याला वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागे.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन मोठी धरणे बांधण्याचा घाट घातला गेला. त्यात या पट्ट्यातले दाट जंगल आणि कित्येक आदिवासी गावे बुडणार होती. बाबा आमटे आणि लालश्याम शाह यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि धरणे मागे पडली. आंदोलने जिंकली की बहुधा पांगतात. इथे मात्र काही कार्यकर्त्यांना आणि गावकऱ्यांना पुढचा प्रश्न पडला: बाहेरून येणारे संकट एकजुटीने अडवता येते, तर गावातला रोजचा कारभार त्याच एकजुटीने का चालू नये? मेंढ्याचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची गाठ या काळात पडली. त्यांच्या बरोबरीने गावाने जी घोषणा घडवली ती पुढे देशभर पोचली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ या घोषणेचा पूर्वार्ध फार महत्त्वाचा आहे. दिल्ली-मुंबईचे सरकारही आपलेच, ही कबुली त्यात आहे. राज्यव्यवस्थेतून फुटून निघण्याचा विचार मेंढ्याने कधी केला नाही. त्याला हवा होता तो गावापुरता, गावाच्या आवाक्यातला अधिकार.

पहिली कसोटी गोटुलावरून लागली. गोटुल हे गोंड समाजाचे जुने सामाजिक केंद्र. तरुण मुले-मुली तिथे जमतात, नाचगाणी होतात, गावाच्या बैठका होतात. मेंढ्याने गोटुल नव्याने बांधायचे ठरवले आणि त्यासाठी लाकूड स्वतःच्या जंगलातून आणले. वन विभागाने ते बेकायदा ठरवून बांधकाम पाडले. गावाने हाणामारी केली नाही. आजूबाजूच्या गावांना बोलावून सगळी हकिगत त्यांच्यासमोर मांडली, आणि अनेक गावांनी आपापल्या गावात गोटुल बांधण्याचे ठरवले. एका गावावर कारवाई करणे सोपे असते, साऱ्या इलाख्यावर करणे अवघड. मेंढ्याचे गोटुल पुन्हा उभे राहिले. कायद्याचा आधार मिळण्याच्या कितीतरी आधी गावाने स्वतःचा अधिकार वापरून पाहिला होता, हे या प्रसंगाचे मोल.

मेंढ्याच्या कारभाराची दोन वैशिष्ट्ये नीट समजून घ्यावी अशी आहेत, कारण इतर ठिकाणी नक्कल करताना नेमकी तीच सुटतात. पहिले म्हणजे सर्वसहमती. ग्रामसभेत प्रत्येक घरातले स्त्री-पुरुष बसतात आणि निर्णय बहुमताने होत नाही. एकाही माणसाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो, पुन्हा चर्चा होते, हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाते. यात वेळ जातो, कधी कधी महिने जातात. पण बहुमताने झालेल्या निर्णयात हरलेला गट नंतर तो निर्णय मोडायला टपलेला असतो. लहान गावात, जिथे पोलीस नाही आणि दंड वसूल करणारा कारकूनही नाही, तिथे पाळला जाईल असाच निर्णय घ्यावा लागतो. दारूचा प्रश्न असाच सुटला. बायकांनी तो लावून धरला, बैठकांमागून बैठका झाल्या, आणि सगळ्यांच्या संमतीने बंदी ठरली, म्हणून ती टिकली. पुढे १९९३ मध्ये लोकचळवळीच्या रेट्यातून साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली. जिल्ह्याच्या बंदीला पळवाटा फुटत राहिल्या. गावाने स्वतः घातलेली बंदी मोडणाऱ्याला मात्र शेजाऱ्यांना तोंड द्यावे लागते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अभ्यास गट. एखाद्या विषयात रस असलेले गावकरी स्वतःहून जमतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायदा वाचतात, हिशेब तपासतात, आपसात वाद घालतात. या गटाला निर्णयाचा अधिकार नसतो. तो समजून घेतो आणि ग्रामसभेपुढे मांडतो. जाणकार बाहेरचा चालतो, निर्णय मात्र गावाचाच, ही विभागणी फार शहाणपणाची आहे. अनेक चांगल्या संस्था खेड्यात जातात आणि नकळत निर्णयही स्वतःच घेऊ लागतात. मग कार्यकर्ता बदलला की काम बसते. मेंढ्याच्या अभ्यास गटांतून पोळे न जाळता मध काढण्याची पद्धत आली, जंगलाच्या राखणीचे नियम आले, फळांसाठी झाड तोडायचे नाही असे ठरले. पुढे वनहक्काचा कायदा आला तेव्हा गावाला तो वाचून दाखवायला कोणाची वाट पाहावी लागली नाही. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ही सारी वाटचाल मराठी वाचकांपुढे ठेवली आहे.

दरम्यान दिल्लीत कायद्याची चौकट आकार घेत होती. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला, पण पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांना ती आपोआप लागू होणार नव्हती. त्यासाठी खासदार दिलीपसिंग भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून २४ डिसेंबर १९९६ रोजी पेसा कायदा अस्तित्वात आला. या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. महसुली नोंदीतले गाव बाजूला ठेवून, आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपले व्यवहार चालवणारा समाज जिथे राहतो ती वस्ती किंवा वस्त्यांचा समूह म्हणजे गाव, असे त्याने मानले. अशा गावातल्या सर्व मतदारांची मिळून ग्रामसभा. परंपरा, साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची रीत जपण्यास ती सक्षम आहे, असे कायदा स्पष्ट म्हणतो. गौण वनोपजाची मालकी, दारूवर नियंत्रण, सावकारीला आळा, बाजाराचा कारभार, आदिवासींची जमीन दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे, हे विषय त्याने ग्रामसभेच्या आणि पंचायतीच्या कक्षेत आणले. महाराष्ट्राने याचे नियम करायला मात्र २०१४ साल उजाडले. सतरा वर्षे कायदा होता आणि तो राबवण्याची रीत नव्हती. या दिरंगाईचा दोष शासनाकडेच जातो.

दुसरा कायदा २००६ चा. वनहक्क मान्यता कायद्याच्या प्रस्तावनेतच आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली आहे. वैयक्तिक शेतीचा हक्क हा त्याचा एक भाग, पण स्वशासनाच्या दृष्टीने मोठा भाग सामूहिक वनस्रोताचा. गाव ज्या जंगलाचा परंपरेने वापर आणि राखण करत आले, त्याचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्या गावाच्या ग्रामसभेला मिळतो. दावा स्वीकारण्याची आणि पडताळण्याची सुरुवातही ग्रामसभेतूनच होते. त्या सभेला निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात. २००९ साली मेंढा आणि मर्दा या दोन गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असा हक्क मिळालेली ही पहिली गावे. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९ हेक्टर जंगल आले.

हक्क मिळाला आणि लगेच बांबूवरून घोडे अडले. नव्या कायद्याने बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते. १९२७ च्या वन कायद्यात मात्र बांबूची गणना झाडांत होती. गावाने बांबू तोडला, विकायचा ठरवला, पण वन विभाग वाहतुकीचा परवाना देईना. परवाना नसेल तर ट्रक नाक्यावर पकडला जाणार, म्हणून व्यापारी येईना. मालकी कागदावर आणि माल जंगलात, अशी कोंडी झाली. गावाने चिकाटी सोडली नाही. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज माना असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी नियमांत दुरुस्ती होऊन परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. एका परवाना पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावे लागले, यावरून कळते की हक्काच्या कागदापेक्षा कार्यालयातल्या छोट्या छोट्या कळा कोणाच्या हातात आहेत हे किती निर्णायक असते. पुढे २०१३ मध्ये मेंढ्याने ग्रामदानाचे पाऊल उचलले. गावकऱ्यांनी १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेला दिली. कसण्याचा आणि वारसाचा हक्क घराकडे राहिला, पण जमीन बाहेरच्याला विकण्याची वाट बंद झाली.

मेंढा हा एकमेव नमुना मानून चालत नाही. सारे गाव एका समाजाचे, घरे शंभरच्या आसपास, जंगल जवळ आणि दाट, अशी अनुकूलता सगळीकडे नसते. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. बांबू हा तिथल्या उत्पन्नाचा कणा झाला. पण तेंदूपाने तोडायची नाहीत असे त्या ग्रामसभेने ठरवले, कारण पाने चांगली यावीत म्हणून झाडे छाटली जातात आणि जंगलाला आग लावली जाते. हाती येणारा पैसा सोडण्याचा हा निर्णय कोणत्याही खात्याने घ्यायला लावलेला नव्हता. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर या कोरकू गावाकडे आलेले जंगल उजाड होते. तिथे झाडे लावून, राखण करून ते पुन्हा उभे करावे लागले. गावाची सीताफळे पुढे बाजारात स्वतःच्या नावाने विकली गेली आणि २०१४ मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार गावाला मिळाला. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर वनहक्क कायद्याच्या खूप आधी, १९९० च्या दशकातच स्वतःचे नियम करून जंगल वाचवायला सुरुवात केली. त्या कामाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. रस्ते वेगळे, सुरुवातीचे निमित्त वेगळे. पण चारही ठिकाणी गावाने आधी स्वतःला एखाद्या नियमात बांधून घेतले, हे समान आहे.

आकाराचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. सह्याद्रीच्या उतारावर, जव्हार-मोखाड्यात किंवा शहापुरात एका महसुली गावात पाच-सात पाडे असतात, आणि एका गट ग्रामपंचायतीत अशी दोन-तीन गावे. पाड्यांमध्ये डोंगर आणि ओहोळ. ग्रामसभा मोठ्या गावात भरते, ती मजुरीच्या दिवशी, आणि दूरच्या पाड्यावरची म्हातारी तिथे पोचत नाही. अशा सभेत सर्वसहमती तर सोडाच, ओळखही नसते. पेसाच्या २०१४ च्या नियमांनी यावर उपाय ठेवला आहे. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी करता येते, आणि प्रांताधिकारी पडताळणी करून ती पुढे पाठवतात. जव्हार भागात ‘वयम्’ चळवळीने असे पाडे गाव म्हणून जाहीर करून घेण्याचे काम चिकाटीने केले आहे. हे काम कोरडे, कागदपत्रांचे, बातमीत न येणारे. पण पाड्याची स्वतःची सभा असल्याशिवाय बाकी सगळे अधिकार अधांतरी राहतात.

पैसा आला की ग्रामसभेची खरी परीक्षा सुरू होते. २०१५ पासून राज्याने आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के वाटा थेट पेसा क्षेत्रातल्या गावांना, कुठल्याही योजनेशी न बांधता द्यायला सुरुवात केली. तेंदूपाने आणि बांबू यांचे लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या. गडचिरोलीत हजाराहून अधिक ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत, आणि तेंदूच्या हंगामात त्यांच्या खात्यांतून मोठ्या रकमा फिरतात. बँक खाते, पॅन कार्ड, रोजकीर्द, मजुरीचे हजेरीपत्रक, वस्तू व सेवा कर हे शब्द ग्रामसभेच्या बोलण्यात आले. मेंढ्यात गावामार्फत मिळालेल्या मजुरीचा दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकण्याची पद्धत पडली, आणि हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो. जिथे ही सवय नव्हती तिथे दोन-चार शिकलेल्या तरुणांच्या हातात व्यवहार गेले आणि कुजबुज सुरू झाली. बाजारही दगा देतो. २०१७ मध्ये तेंदूवर १८ टक्के कर लागला, त्यानंतर भाव कोसळले आणि काही ठेकेदारांनी पाने नेऊन ग्रामसभांचे पैसे थकवले. एकटी ग्रामसभा ठेकेदारापुढे दुबळी ठरते, हा धडा तेव्हा पुन्हा मिळाला.

म्हणूनच ग्रामसभांचे संघ उभे राहिले. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा स्थापन केली. ती लिलावाच्या अटी एकत्र ठरवते, खाणींच्या प्रस्तावांवर एकत्र भूमिका घेते, आणि तिच्या रचनेत बायकांना राखीव जागा आहेत. बायकांचा मुद्दा इथे सहज आलेला नाही. गोंड परंपरेत गावाच्या पंचायतीत पुरुषच बसत आले आहेत. परंपरा जपणे हे पेसाचे उद्दिष्ट असले, तरी परंपरेने ज्यांना बोलू दिले नाही त्यांना जागा करून देणे हेही स्वशासनाचेच काम आहे. कोरचीच्या बायकांनी बचत गटांपासून सुरुवात करून ती जागा स्वतः मिळवली. मोह वेचण्यापासून तेंदूचे पुडके बांधण्यापर्यंत वनोपजाचे निम्म्याहून अधिक काम ज्यांच्या हातून होते, त्यांना वगळून जंगलाचा कारभार ठरवणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते कारभारालाही मारक आहे.

या साऱ्या अधिकारांना एक कठीण मर्यादा आहे, ती खाणीची. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे आणि तिथेच ठाकूरदेवाचे स्थान आहे. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोधाचे ठराव केले. खाण तरीही सुरू झाली. ओडिशाच्या नियमगिरी डोंगरावर याच्या उलट घडले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. निवडलेल्या १२ गावांच्या सभा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली झाल्या, आणि बाराही सभांनी खाण नाकारली. कायदा दोन्हीकडे तोच होता. फरक पडला तो न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि त्यांचा नकार मानला गेला म्हणून. ग्रामसभेला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार सगळेच देतात. ‘नाही’ म्हटल्यावर ते ऐकले जाते की नाही, यावर स्वशासन खरे की खोटे ते ठरते.

इतर देशांतला अनुभव याला दुजोरा देतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९८७ मध्ये स्टीफन कॉर्नेल आणि जोसेफ काल्ट यांनी मूलनिवासी राष्ट्रांच्या आर्थिक स्थितीचा दीर्घ अभ्यास सुरू केला. एकसारखी गरिबी भोगलेल्या जमातींपैकी काही सावरल्या, काही नाही, याचे कारण खनिजांत किंवा सरकारी मदतीत सापडले नाही. ज्यांनी खरे निर्णय स्वतःच्या हाती घेतले, ज्यांच्याकडे तंटे निःपक्षपातीपणे सोडवणारी आणि निवडणुकीगणिक न बदलणारी यंत्रणा होती, आणि ज्यांची यंत्रणा त्यांच्या संस्कृतीला पटणारी होती, त्या पुढे गेल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात निस्गा समाजाने शंभर वर्षांहून अधिक काळ जमिनीचा दावा लढवला. २००० मध्ये अंमलात आलेल्या कराराने त्याला स्वतःची राज्यघटना आणि कायदे करणारे शासन मिळाले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामूहिक संपत्ती सांभाळणाऱ्या अशाच समाजांच्या अभ्यासासाठी. नियम वापरणाऱ्यांनीच करावेत, राखण त्यांनीच करावी, आणि वरच्या सत्तेने त्यांच्या या हक्काला धक्का लावू नये, असे त्यांनी जगभरची उदाहरणे तपासून मांडले. मेंढा यातले बरेच काही गोटुलात बसून शिकले.

सभाच नसेल तर काय होते, ते नवी मुंबईत दिसते. सीवूड्स-दारावे-करावे या स्थानकाच्या नावात दोन जुनी आगरी-कोळी गावे आहेत. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा परतावा पदरात पडला. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला आणि तिच्या हद्दीत आलेल्या दारावे-करावेसारख्या गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. त्यांच्याबरोबर ग्रामसभाही गेली. राज्यघटनेने ग्रामसभेला स्थान दिले ते एप्रिल १९९३ मध्ये, म्हणजे ही गावे पालिकेत गेल्यानंतर सव्वा वर्षाने. आगरी आणि सोनकोळी अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यामुळे पेसाचा प्रश्न येत नाही. पण कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही, आणि ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ हा शब्दप्रयोग सरकारी कागदांत कायमचा घर करून बसला. गावाची हद्द, घरे, खाडीवरची मासेमारी यांवर साऱ्या गावाने एकत्र बसून बंधनकारक ठराव करावा, अशी कायदेशीर जागा उरली नाही. गावकीच्या बैठका, गावदेवीच्या जत्रेची समिती, मच्छीमार सोसायटी यांतून गाव एकत्र येते, पण त्या ठरावांना पालिकेत किंवा सिडकोत वजन नसते.

खाडीपलीकडच्या पनवेल तालुक्यात आणि बाकीच्या रायगड जिल्ह्यात प्रश्न याहून तीव्र आहे. खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीपासून कर्नाळा, माथेरान, कर्जत, सुधागडपर्यंत ठाकूर आणि कातकरी वाड्या पसरल्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. असंख्य कातकरी कुटुंबांच्या झोपड्यांखालची जागाही त्यांच्या नावावर नाही. पावसाळा संपला की ते वीटभट्ट्यांवर जातात आणि वाडी ओस पडते. आणि महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रे ठरवणाऱ्या १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात रायगड जिल्हा नाही. लगतच्या ठाणे आणि पुणे जिल्ह्यांच्या अनुसूचित भागांत पेसाचा जो हक्क आहे, तो डोंगराच्या अलीकडच्या वाडीला नाही, कारण जिल्ह्याची रेघ मध्ये आहे. शहरे पसरत चालली तशी यातल्या वाड्या पालिकांच्या हद्दीत येऊ लागल्या आहेत. अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपालिकांसाठी संसदेत २००१ मध्ये विधेयक मांडले गेले होते, ते मंजूर झाले नाही. म्हणजे शहर जवळ आले की आदिवासी वस्तीला ग्रामसभाही राहत नाही आणि तिची जागा घेणारे दुसरे काही मिळतही नाही.

वनहक्क कायद्याला मात्र अनुसूचित क्षेत्राची अट नाही. रायगडातल्या वाडीलाही सामूहिक दावा करता येतो, आणि ‘सर्वहारा जन आंदोलना’सारख्या संघटनांनी या जिल्ह्यात वनहक्कांसाठी काम केले आहे. त्या दाव्याची तयारी मेंढ्यासारखीच करावी लागेल. वाडी भट्टीवरून परतलेली असताना सभा घ्यायची, आपण कुठवर लाकूडफाटा, कंदमुळे, मासे, खेकडे आणत आलो त्याची हद्द म्हाताऱ्यांकडून विचारून नकाशावर मांडायची, बायकांना बोलू द्यायचे, आणि जंगलाचा पहिला नियम हक्क मिळण्याआधी स्वतःच घालायचा. दाव्यांसाठी नियमांत तीन महिन्यांची मुदत आहे आणि कारण नोंदवून ती वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे, त्यामुळे उशीर झाला म्हणून कोणाला परत पाठवता येत नाही. बाकीचे काम शासनाचे आहे. रायगडातल्या आदिवासी वाड्यांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश करण्याची शिफारस राज्याने राष्ट्रपतींकडे करावी, आणि पालिकांच्या हद्दीतल्या पाड्यांना स्वतःची सभा देणारा कायदा करावा. मुंबईपासून तासाभराच्या अंतरावरची वाडी गडचिरोलीतल्या गावापेक्षा कमी अधिकारांत राहावी, याला कोणतेही समर्थन नाही.